पाणी लागलेला बोअर

आमच्या शेजारच्या आप्पांचा संशय म्हंजी काय सांगू! शिरूरच्या आमच्या सात मजली घरकुलात सगळ्यांना मिळून गरम पाणी द्यायचं ठरलं. जमिनीतली ऊब पंपानं वर आणायची, म्हणून पार्किंगमध्ये बोअर मारायला घेतले. पहिल्याच बोअरला पाणी लागलं. इंजिनिअर त्यात ऊब ओढायच्या नळ्या सोडून तोंड बुजवायला निघाला, तर आप्पा मधी उभे राहिले.

"पाण्याचा बोअर बुजवता व्हय?"

"आप्पा, आम्हाला पाणी नको, फक्त ऊब हवी."

"शिरूरात ऊब वर कमी पडली, म्हणून खाली शोधता?"

 शेवटी इंजिनिअरनं त्या बोअरवर नळ बसवला आन् नळ्या दुसरीकडं सोडल्या.

पुढं घरात गरम पाणी आलं. आप्पांनी बोट बुडवून बघितलं आन् हळूच मला म्हणाले, "पाणी कढत हाय. म्हंजी खाली जमीन गार पडत असणार. त्ये कुणी सांगत न्हाई!"