काजलचं नाव दोनदा

—तुमाले धाडलं कोनं, ते आधी सांगा सर. लिस्ट कशी निघते तेवढंच पाहाले आलो म्हन्ता — तेवढ्यासाठी नागपुरावरून आर्वीले कोनी येत नाई. मी हरिदास, सात वर्षं झाले, या संस्थेत गरोदर बायांची नोंद मीच करून राह्यलो. मानूस कायले आला ते समजते मले.

सॉफ्टवेअर मी नाई बनवलं, सुरभी म्याडमनं बनवलं, हे लिहून घ्या. सोपं हाय म्हने — एका बाईले चार तकलिफी असू शकतेत, एक तकलीफ चाळीस बायांले. तकलीफ निवडा, त्या बाया समोर येतेत. निवडल्या. सिकलसेल, तो रक्ताचा आजार, नाई तं कमी रक्त, दोन्हीपैकी काईबी असलेल्या. तर रोहन्याची काजल दोनदा! तेच नाव, तेच गाव, सातवा महिना. मले शंका आली — हे सुरभी गिनती तं नाई फुगवून राह्यली? मंग काय, एक नाव पुसल्या गेलं... कोनाकडून? आता ते कोन पाह्यते! पन एक पुसलं तं दोन्ही गायब. दोन काजल नवत्याच ना सर. एकच होती — सिकलवाली म्हनून एकदा दिसे, कमी रक्तवाली म्हनून एकदा. सुरभीनं मांगून सांगितलं, "हरिदासभाऊ, एक बाई दोनदा येत होती, माझी चूक, आता एकदाच येईल." मी म्हनलं, बरं.

पन मी परत टाकलं ना तिले! लगेच टाकलं! घाईघाईत — कमी रक्तावर टिक केली, सिकलवर... राह्यली. एक टिक, सर.

मंग डॉक्टर म्हने, ज्यायले दोन्ही तकलिफी हायेत त्याच बाया पाह्यजे, गाडीनं वर्ध्याले नेतो. सुरभीनं तेबी करून देल्लं — आधी सिकलवाल्या निवडायच्या, मंग त्यातून कमी रक्तवाल्या. आठ नावं निघाले. काजल नवती. गाडी रोहन्याले गेलीच नाई.

आठव्यात तिचे हातपाय दुखाले लागले. सासू देवकाबाई म्हने, असं होतेच. मंदाबाई — गावची आशाताई — तिनं पाह्यलं आन् शेजाऱ्याच्या गाडीत टाकून दवाखान्यात नेलं. काजल वाचली. लेकरू नाई वाचलं.

मीटिंगमंदी संस्थेच्या साहेबानं सुरभीले इचारलं, "हे नाव काऊन नाई निघालं?" ते पोरगी परत परत लिस्टच पाहे. "माझंच निवडनं चुकलं असन," म्हने. मी? मी खाली पाहून राह्यलो होतो. दुसऱ्या दिवशी तिले काढलं. मंदाबाई आलती मंग इथं, म्हने, "भाऊ, काजलच्या फारमवर तं मी दोन्ही लिहून देल्लं होतं." मी म्हनलं फारम सापडत नाई. सापडन कसा, तो घरी — म्हंजे, घरी-दारी कुठं ठेवला असन कोनी, मले काय मालूम!

तुमी कम्प्युटरमंदी हे काय उघडलं? ...कोनी पुसलं तेबी राह्यते यात? तारखेसकट?

आन् नावासकट.

...जेवनाची सुट्टी झाली सर. उठा. मी कुलूप लावून राह्यलो — उठा म्हन्तो ना.