सुहासिनीबाई आणि झाडावरची सावकाश माउली

मंडळी, एक सांगा! ज्याच्या गळ्यातला सूरच गेला, त्याची हाक देवापर्यंत पोचते का? — माना हलवू नका, आधी ऐका!

कुडाळच्या सुहासिनीबाई परुळेकर. भजनात काय गळा लागायचा! त्याच गळ्याचं ऑपरेशन झालं आणि उरली नुसती कुजबुज. बाईंनी देवघरात पाऊल टाकणं सोडलं. "आता त्याला माझं काय ऐकू जाणार?"

लेक मृदुला जनावरांची डॉक्टर, पार कोस्टारिकात! तिनं आईला तिकडं नेलं. घरामागं रान. पहाटे धुकं असं उतरायचं, की झाडं जणू झोपेतच तरंगताहेत! त्या धुक्यात एका झाडावर मातकट पाखरू गायचं, आपल्या कस्तुराच्या नात्यातलं. लोक म्हणत, हेच पावसाला बोलावतं. बाई डोळे मिटून ऐकायच्या. पापण्या ओल्या व्हायच्या.

त्याच झाडावर स्लॉथ — उलटं लटकणारं जनावर. इतकं सावकाश, की अंगावर शेवाळ उगवतं! हसताय? आपल्यातही आहेत — महाप्रसादाला तेवढे पहिले!

"मृदुले," बाई कुजबुजल्या, "देवानं एकाला गळा दिला. ह्याला गं काय दिलं?"

एका दुपारी वरून पिल्लू पडलं! एवढासा जीव, किंचाळतोय! मृदुलानं तपासलं. "लागलं नाही गं. पण याची आई उतरली तरच हे जगेल. तू बुंध्याशी घेऊन बस."

ढग गडगडले. पाखरू गाणं टाकून भुर्र! आणि वरची आई? — हलेचना!

पिल्लाला छातीशी धरून बाई गाऊ लागल्या. गाणार काय? नुसता श्वास आणि थरथर! पण पिल्लू तिथंच कान टेकून शांत झालं हो!

"आई, वर बघ!"

फांदीवरचा एक हात सुटला होता. मग दुसरा... पाऊस कोसळला. बाईंनी पिल्लावर पदर घातला, पण जागा सोडली नाही. पाऊस ओसरला, उन्हं कलली, तेव्हा कुठं ती माउली खाली पोचली. लांब हात पुढं आला — पिल्लू पोटाला बिलगलं!

"पहिल्या किंकाळीलाच निघाली असेल गं ती," बाई म्हणाल्या. "आपल्याला दिसत नव्हती, एवढंच."

त्या संध्याकाळी त्यांनी देवापुढं अख्खं भजन म्हटलं. नुसत्या श्वासानं!

मंडळी, पाखराचा सूर गोडच, पण हाकेला उतरली ती सावकाश माउली! आणि आपण? एक नारळ फोडतो, एक आरती म्हणतो, आणि लगेच घड्याळ बघतो — देव आला का? आला का?

अहो, तो निघालाय! तुम्ही बुंध्याशी बसलाय का?