माळावरचं पिल्लू

अंथुर्ण्याच्या गाडीची वाट बघत द्वारकाबाई बारामतीच्या स्टँडवर बसल्या होत्या. शेजारी एक नणंद-भावजय, आणि दोघींच्या मधे ताटलीभर पाण्यात लिंबाएवढं कासवाचं पिल्लू.

"वहिनी, घरी गेल्यावर बादलीत सोडा की. पवंल."

"न्हाय वन्सं. ह्ये माळावरचं, खोल पाण्यात बुडतंय. काल सोडलं तर तळालाच गेलं. काढलं, पर तवापास्नं डोळं मिटल्यात."

"मग आता पाण्यात कशाला?"

"उन्हानं सुकलंय. हनवटी वर राहील इतकंच कोमट पाणी घातलंय. त्याचं त्ये पिईल."

"तोंडात दोन थेंब सोडा."

"नगं गं, ठसका लागंल."

द्वारकाबाईंचीही नजर ताटलीवरून हलेना. तेवढ्यात गाडी आली.

"अंथुर्णे, शेळगाव! चला, बसा!" कंडक्टर ओरडला.

द्वारकाबाईंनी पायरीवर पाय ठेवला. त्याच गाडीनं जायचं म्हणून वहिनी ताटलीतलं पाणी ओतायला उठली, तोच पिल्लानं मान बाहेर काढली.

"वन्सं, डोळं उघडलं!"

"ओ बाई, येताय का न्हाय?" कंडक्टरनं वहिनीला हटकलं.

पिल्लानं तोंड पाण्याला लावलं. वहिनी ताटली धरून तशीच उभी राहिली. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडं गेला.

"मास्तर, थांबा जरा," पायरीवरून द्वारकाबाई म्हणाल्या, "लेकरू पाणी पितंय."