महिपती ड्रायव्हरची माफी

मंडळी, अभंग झाला, आता एक प्रश्न घ्या. माणसानं आयुष्यभर चांगलं काम केलं आणि एक दिवस चूक केली. तर त्या चांगल्या कामाकडं बोट दाखवून चुकीची सूट मागावी का? लगेच मान हलवू नका. इथं काका हो म्हणतायत, तिकडं काकू नाही म्हणतायत. एकाच घरातले आहेत. राहू द्या. ऐका.

एका तालुक्याच्या गावी महिपती खिल्लारे नावाचा ड्रायव्हर होता. सरकारी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचा. बावीस वर्षं! अडलेल्या बायका, साप चावलेले, छातीत कळ आलेले, किती जीव यानं वेळेत पोचवले. सायरन वाजला की गर्दी दुभंगायची. आणि मंडळी, ज्याला बावीस वर्षं रस्ता मिळतो, त्याला हळूहळू वाटायला लागतं, रस्ता आपलाच.

एका सकाळी ड्यूटी संपली. महिपती स्वतःच्या मोटरसायकलवरून घरी निघाला. सायरन नाही, पेशंट नाही. चौकात सिग्नल लाल. थांबला का? नाही थांबला. पुढच्या वळणावर मुजावर हवालदार उभेच होते. चलान फाडलं, खटला कोर्टात गेला. दंडाचं सोडा हो, पण कोर्टानं लायसन्स तीन महिने काढून घेतलं तर? नोकरी कंत्राटी. लायसन्स गेलं की नोकरीही गेली.

तारखेच्या दिवशी महिपती कोर्टाच्या व्हरांड्यात उभा. मुजावर जवळ आले. म्हणाले, "महिपतीदादा, चलान हातात देताना ओळखलं मी तुम्हाला. पण तोवर कागद फाडून झाला होता. माझ्या लेकीच्या बाळंतपणाला तुम्हीच गाडी घेऊन आला होता."

"आहे लक्षात. पोरगी कशी आहे?"

"छान आहे. हे बघा, मॅजिस्ट्रेट मॅडमना सांगा, पेशंटचा फोन आला होता म्हणून निघालो होतो. मी काही नाही म्हणणार नाही."

बघा आता. खोटं कसं चालून येतं, तर उपकार फेडायला येतं. आणि हे तर बावीस वर्षांत हजारदा खरं होतं. एकदाच खोटं म्हणायचं.

आत पुकारे सुरू झाले. महिपतीच्या पुढं तिघं. पहिल्याची आई सीरियस होती. दुसऱ्याची आई सीरियस होती. तिसऱ्याला मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, "आई कोणत्या दवाखान्यात?" त्यानं वकिलाकडं बघितलं. मंडळी, एरवी आईला जेवलीस का म्हणून विचारायचं नाही, आणि कोर्टात मात्र तिला सलाईन लावायचं.

महिपतीचा पुकारा झाला. बाईंनी कागद वाचला. "ॲम्ब्युलन्स चालवता? मग गाडीवर पेशंटसाठीच निघाला होता का?"

दार उघडं होतं. नुसतं हो म्हणायचं. मुजावर जमिनीकडं बघत होते.

"नाही, साहेब," महिपती म्हणाला.

"मग घाई कशाची?"

"घाई नव्हती. घरी जाऊन झोपणार होतो."

मागं कोणी तरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

"अजून एक आहे, साहेब. कागदावर ते नाही. एक आजी रस्ता ओलांडत होत्या. माझ्या गाडीला दचकून रस्त्यातच खाली बसल्या. आरशात दिसलं मला. मी थांबलो नाही."

"हे सांगितल्यानं तुमचंच नुकसान होईल, कळतंय ना?"

"कळतंय. लायसन्स राहू द्या अशी विनंती आहे, साहेब. पण माफी कशाची मागतोय, ते आधी तुम्हाला पुरतं कळू द्या."

बाईंनी पेन उचललं. मग दंड पूर्ण लावला. कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसून राहायची शिक्षा दिली. लायसन्स राहू दिलं, पुन्हा चूक दिसली तर जाईल म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत महिपती बसून होता. सुटलो असं वाटायला हवं होतं. वाटेना.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या फुलवालीकडं चौकशी केली. आजींचं नाव कळलं, अक्काताई नलवडे. घर मागच्याच गल्लीत. आजी दारात मेथी निवडत बसल्या होत्या.

"आजी, महिन्यापूर्वी सिग्नलला..."

"तू होय तो?"

"हो. लागलं होतं का?"

"लागलं नाही. पण पलीकडं देवाला रोज जायची, ते बंद झालं. भ्या वाटतं. सुनेला सांगते, गुडघा दुखतोय."

महिपती खाली बसला. म्हणाला, "कोर्टानं सोडलं मला, आजी."

"कोर्टाला कुठं रस्ता ओलांडायचा होता?"

आजींनी मेथी बाजूला सारली, चपला शोधल्या. "चल. पलीकडं ने."

दोघं चौकात आले. गाड्या थांबल्या. महिपतीनं हात धरला, पण आजींचं पाऊल उचलेना. सिग्नल बदलला. परत गाड्या थांबल्या, परत बदलला. बावीस वर्षं घाईनं माणसं पोचवणारा माणूस मुकाट उभा राहिला. चला म्हणाला नाही, ओढलं नाही. चौथ्या खेपेला आजींनी पाऊल टाकलं.

तर मंडळी, महिपतीकडं पुण्याई होती का? होती. कोर्टात चाललीही असती. पण अक्काताईंच्या दारात ती काय कामाची?

आता महिपतीला सोडा, आपलं बघू. देवापुढं आपण रोज नाक घासतो. चुकलं-माकलं पदरात घे म्हणतो, आणि मोकळे होतो. देवाला काय, तो घेतो. पण ज्याला आपण दचकवलं, त्याच्या दारात गेलोय का? भाऊ असेल, सून असेल, शेजारी असेल. तो अजून रस्त्याच्या अलीकडंच उभा आहे.

टाळ घ्या हातात, नाम घेऊ. आणि नाम घेताना, ज्याच्याकडं जायचं राहिलंय तो एक माणूस आठवा. मोठ्यानं सांगू नका. उद्या सकाळी जाऊन या.