मुलीच्या खोलीतलं विमान

…आणि वर मलाच म्हणतात, "अगं हळू बोल, टॉवर काय म्हणतोय ते ऐकू येत नाही!" आता हा टॉवर म्हणजे कोण, तर भलत्याच गावात आपल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसलेला एक दातांचा डॉक्टर! त्याने दवाखाना बंद केला की तो टॉवर होतो, ह्यांनी दुकान बंद केलं की हे कॅप्टन होतात, आणि मी शाळेतून घसा बसवून घरी आले की माझ्याच घरात चोरासारखी कुजबुजते. का? तर विमान उतरतंय! कुठे उतरतंय? मुलीच्या खोलीत!

थांबा, तुम्हाला नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं आमच्या घराला धावपट्टी आहे. आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान. हे आणि माझे धाकटे दीर मिळून बघतात. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, "आता स्पष्ट दिसतंय? की आता?" सगळं आयुष्य त्यात गेलं. व्यसन नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मग मुलगी नोकरीला परदेशी गेली, तिथेच तिने लग्न केलं, तिची खोली रिकामी झाली, आणि त्या खोलीत आधी आला कॉम्प्युटर, मग जॉयस्टिक, मग एकाचे तीन स्क्रीन, मग पायाखाली पेडल, आणि शेवटी तिच्या पलंगाची रवानगी गॅलरीत! सिम्युलेटर म्हणतात त्याला. म्हणजे विमान सोडून विमानाचं सगळं.

मी म्हटलं, असू दे, खेळ आहे, खेळू दे. तर खेळ म्हटलेलं चालत नाही हो! "हा खेळ नाही. खरं वाटलं पाहिजे!" झालं. तेव्हापासून आमच्या घरात हे एकच वाक्य. खरं विमान परदेशी पोचायला अर्धा दिवस घेतं ना, मग हेही अर्धा दिवस खुर्चीत! मध्येच पुढे पळवायचं नाही. मध्येच थांबवायचं तर मुळीच नाही. ह्यांच्या सख्ख्या आत्या आल्या एकदा, गुडघे धरत धरत जिना चढून आल्या बिचाऱ्या, भाच्याला बघायला. मी दार ढकलून म्हटलं, "अहो, आत्या आल्यात, जरा थांबवा ना ते." तर मान न वळवता म्हणतात, "आकाशात विमान थांबतं का? आणि माझ्या मागे रांग आहे उतरायला!" आत्या बाहेर बसून राहिल्या. चहा झाला, दुसरा चहा झाला, मग निघताना मला म्हणतात, "सूनबाई, तो घरात आहे की नाही, ते तरी खरं सांग." काय सांगणार? घरात आहे म्हणावं तर आकाशात, आकाशात म्हणावं तर चप्पल दारात!

बरं, उडवणं एक वेळ परवडलं. पण ती सीनरी! सीनरी म्हणजे खाली जे दिसतं ते, डोंगर, रस्ते, घरं, झाडं. ती म्हणे आधीपासून असते, पण ती ह्यांना पसंत नाही. हे आपली स्वतः बनवतात. मी इकडे पेपर तपासत बसलेली असते आणि आतून हाक येते, "अगं, जरा ये! हे झाड खरं दिसतंय, की हे?" मी बघते. दोन्ही झाडंच. मी म्हणते, हे. "नीट बघ. हे, की हे?" अहो, मी काय तुमच्या दुकानात आलेय का नंबर काढायला?

आपल्या गावचा विमानतळ तर ह्यांनी विटेपासून बांधला. त्याचे फोटो काढायला रविवारी सकाळी कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले, गळ्यात कॅमेरा, हातात मोजायची टेप, आणि टर्मिनलच्या मागच्या भिंतीवर ओल आली होती तिचाच फोटो दहा बाजूंनी! रखवालदाराने धरलं. मला फोन. मी रिक्षा करून धावत गेले. रखवालदार मला म्हणतो, "बाई, साहेब म्हणतात ओलीचा फोटो काढतोय. विमानाचा काढला असता तर मी समजू शकलो असतो. ओलीचा कशाला?" आणि हे अगदी शांतपणे त्याला समजावतात, "अहो, खरं वाटलं पाहिजे!" तो रखवालदार माझ्याकडे असा बघतो… असा… की त्यानेच मला पाण्याची बाटली दिली. आणि ओल म्हणाल तर आमच्या न्हाणीघरात भिंतभर ओल! पोपडे पडतायत! तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, पण टर्मिनलच्या ओलीचा रंग जमेना म्हणून दोन रविवार जेवणावर लक्ष नाही.

एकदा मात्र मी वैतागून विचारलंच. "का हो, जगात एवढे छंद आहेत, लोक बागा करतात, तबला शिकतात, तुम्हाला हेच कुठून सुचलं?" तर स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "ती गेली ना, तो रस्ता एकदा बघून ठेवावा म्हटलं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासली. घासलेलीच.

तर दर रविवारी ह्यांचं विमान मुलीच्या गावी. गावाला एक घिरटी घालायची, आणि मग सोमवारी फोन, "काल तुझ्या घरावरून गेलो हं!" तीही हसायची, "बघितलं बाबा, हात केला मी!" असं सगळं छान चाललं होतं, आणि मुलीला दिवस गेले. ती म्हणाली, "आई, बाळंतपणाला तुम्ही दोघं या." मी म्हटलं, येणारच! मला वाटलं, हे तर आनंदाने उडीच मारतील. रोजचा रस्ता, वळण न् वळण पाठ!

ह्यांचा चेहरा पांढराफटक.

अहो, मी काय विचारलं? विमानात बसायचं का, एवढंच! तर म्हणतात, "दुकानाचं काय?" म्हटलं, भावजी बघतील. "कुंड्यांना पाणी?" म्हटलं, शेजारी घालतील. "माझी पाठ?" अर्धा दिवस खुर्चीत बसताना कुठे जाते ती पाठ? मग हळूच, अगदी हळूच म्हणाले, "चालवणार दुसराच कुणीतरी ना? आणि आपण मागे? पुढचं काही दिसणार नाही?" तुम्हाला सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस जन्मात कधी विमानात बसलेलाच नाही! आणि बसणार कसा? दर गुरुवारी सरावासाठी इंजिनाला आग लावून घ्यायची, चाकं अडकवून घ्यायची, खिडक्यांवर बर्फ साठवून घ्यायचा… काय काय बिघडू शकतं ते सगळं ह्यांना तोंडपाठ! मला काहीच माहीत नाही म्हणून मी आपली निर्धास्त.

मी समजावलं, चिडले, अबोला धरला. ढिम्म! शेवटी फोनवर मुलगीच म्हणाली, हसत नव्हती ह्या वेळी, "बाबा, दर रविवारी वरून जाता. एकदा खाली उतरा ना." ह्यांनी फोन माझ्या हातात दिला, खोलीत गेले, दार लावलं. मी कान लावून उभी. विमानाचा आवाज नाही, टॉवर नाही, काही नाही. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, "माळ्यावरची मोठी बॅग काढू का?"

आणि निघालो हो! विमानात बसेपर्यंत माणूस ठीक होता. खिडकीतून बाहेर बघितलं आणि ओरडलेच, "हे चूक आहे!" मी दचकले. म्हटलं, पंख तुटला की काय! तर टर्मिनलला नवा रंग दिला होता. ओल गेली होती. "डाग कुठाय? तिसऱ्या खिडकीखाली डाग होता!" हवाई सुंदरी धावत आली, "सर, काही हवंय का?" हे म्हणतात, "भिंत चुकली आहे." ती बिचारी म्हणते, "सर, पट्टा बांधा." खरं वाटलं पाहिजे म्हणणाऱ्या माणसाला खऱ्याची चूक काढताना मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय!

मग विमान सुटलं आणि ह्यांनी डोळे मिटले. गच्च! आणि माझा हात धरला, तो असा की माझी अंगठी मलाच रुतली. वर गेल्यावर ढगात जरा हादरे बसले, तर माझ्या कानात म्हणतात, "थांबव." काय थांबवू? "थोडाच वेळ थांबव… मी पाणी पिऊन येतो." अहो, आत्यांसाठी नाही थांबवलंत! हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "आलंच हं, आता थांबेल." त्या घामेजल्या हाताची मला दया आली, खोटं कशाला सांगू.

जेवण आलं, डोळे मिटलेले. जेवण गेलं, डोळे मिटलेले. शेवटी विमान खाली यायला लागलं तसा ह्यांना जरा कंठ फुटला. डोळे मिटूनच म्हणतात, "आता उजवीकडे वळेल." वळलं! "नदी दिसेल बघ, वाकडी." दिसली! "त्यावर दोन पूल, एक जुना, एक नवा. मग गोल मैदान. मग कारखान्याच्या लाल चिमण्या." मी खिडकीला नाक लावून बघतेय, आणि हे सांगतील तसं एकेक खालून येतंय हो, वाकडी नदी आली, पूल आले, मैदान आलं, चिमण्यासुद्धा आल्या, लाल! "आता तो उताराचा रस्ता, त्याच्या टोकाला पिवळी इमारत. ती आपल्या पोरीची." आणि होती. गॅलरीत वाळत घातलेले कपडेसुद्धा होते, ते मात्र ह्यांनी सांगितले नव्हते. मी म्हटलं, "अहो, बघा ना! एकदाच बघा!" तर म्हणतात, "तू बघ. मी बघितलंय."

बाहेर मुलगी उभी, एवढं पोट घेऊन. गळ्यात पडली आणि विचारते काय, "बाबा, खिडकीतून सगळं दिसलं?" हे ताठ उभे राहून म्हणतात, "दिसलं की! पण खरं सांगू? खरं वाटलं नाही!" मी गप्प बसले. संसारात काही ठिकाणी गप्प बसावं लागतं.

मग नात झाली. ह्यांच्या मांडीवर दिली, तर हे बघतच राहिले. मी मनात म्हटलं, आता विचारतील, हिचं नाक खरं दिसतंय का. नाही. तिने ह्यांचं बोट धरलं, आणि एवढी वर्षं दुसऱ्यांचे डोळे तपासलेल्या माणसाने चष्मा काढून आपले पुसले. जन्माचं सार्थक झालं असं मला वाटलं, तेही सांगून टाकते.

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार काय? अहो, तक्रार ही की माझी शाळा उघडायची वेळ झाली, परतीची तिकिटं निघाली, आणि हे म्हणाले, "तिला अजून मान धरता येत नाही, अशात कसा येऊ?" ठीक आहे. मी एकटी आले. मग तिने मान धरली, तर "दात येतायत." दात आले, तर "रांगते, पडेल." मुलगी फोनवर हळूच म्हणते, "आई, विमान म्हटलं की बाबा तिला घेऊन बागेत जातात." इकडे भावजी रोज विचारतात, "वहिनी, दादा कधी येतोय?" त्या खोलीचं दार आता उघडंच असतं. मी मोठमोठ्याने बोलते, कुणी हळू बोल म्हणत नाही. वाईट वाटतं हो. मोठ्याने बोलून बोलणार कुणाशी?

परवा ह्यांचा स्वतःहून फोन. म्हणतात, "मी ठरवलंय, येतो." मी म्हटलं, सुटले! "फक्त एक कर. ते सगळं खोक्यात भर आणि इकडे पाठव. इकडून तुझ्याकडे यायचा रस्ता कधी उलटा बघितलाच नाही गं. एकदा नीट बघून घेतो, मग निघतो."

भरलं! काय करणार? तीन स्क्रीन, जॉयस्टिक, पेडल, सगळं चिंध्यांत गुंडाळून भरलं आणि आज सकाळी कुरिअरवाल्यापुढे नेऊन ठेवलं. तो म्हणतो, "मॅडम, नाजूक सामान आहे, आणि हे विमानानेच जाणार हं. चालेल ना?"

म्हटलं, चालेल बाबा. सामान नाही घाबरत. जमलं तर खिडकीशी ठेव, ह्यांच्या वतीने कुणाला तरी एकदा बाहेर बघू दे!