रंगनाथाचं पुढचं मडगार्ड

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. पखवाजवाले, तुम्हीही हात पुसून घ्या, कारण आख्यान चिखलाचं आहे! पण आधी एक प्रश्न. माणसानं स्वतःला जपलं, अंगावर एक डाग पडू दिला नाही, म्हणजे तो स्वच्छ झाला का? अहो काका, मान कसली डोलावता? मी अजून उत्तर दिलेलं नाही!

तर तळकोंड नावाचं एक गाव. वर डोंगरावर वाघजाईचं मूळ ठाणं आणि खाली गावात तिचंच देऊळ. घटस्थापनेला वरची ज्योत खाली आणायची आणि तिच्यावर गावातला दिवा लावायचा, ही रीत. वाटेत ज्योत विझली तर पुन्हा डोंगर चढायचा! पूर्वी पोरं ती पळत आणायची. आता? आता गिअरच्या सायकली आल्या! जाड टायरच्या, दगडधोंड्यांतून जाणाऱ्या. माउंटन बाइक म्हणतात. तिला गिअर आहेत, शॉकअप आहेत, किंमत तर विचारूच नका — आणि मडगार्ड? मडगार्डच नाही! आहे की नाही मजा?

मिरवणुकीत पुढं घंटा वाजवत मानकरी, त्याच्या मागं ज्योत. खाली गावातल्या देवळात पहिली आरती मानकऱ्याची. पण अट अशी, की देवीपुढं उभं राहताना पांढऱ्या कपड्यावर आणि तोंडावर चिखलाचा ठिपका नको. ठिपका दिसला, की आरती दुसऱ्याच्या हातात!

मानकरी होता रंगनाथ शेलार. धंदा काय? लाँड्री! गेल्या वर्षी पुढच्या चाकानं त्याच्यावर असा चिखल फेकला, असा फेकला, की खुद्द त्याच्या आईनं विचारलं, "पाव्हणं, कुठल्या गावचं तुम्ही?" आरती गेली चुलतभावाला, बबनला! मग काय, वर्षभर गिऱ्हाईक कपडे टाकायला यायचं आणि हळूच विचारायचं, "रंगनाथराव, धुता तुम्हीच ना?" हसू नका! त्याच्या जिवाला किती लागलं असेल! रात्र रात्र झोप नव्हती बिचाऱ्याला. एकच ध्यास — यंदा आरती माझीच!

गेला तालुक्याला, सायकलच्या दुकानात. म्हणाला, "पुढचं मडगार्ड दाखवा."

दुकानदारानं तळहाताएवढं प्लास्टिक काढलं. "हे पुढच्या चाकाच्या काट्याला बांधायचं. डोळ्यांत चिखल येत नाही."

"आणि हनुवटी?"

"मग हे लांब घ्या."

"आणि कान?"

दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्हाला मडगार्ड नको, रेनकोट पाहिजे!"

पण रंगनाथ धंद्याला पक्का. कडक इस्त्रीचा पांढरा रुमाल छातीला टाचला. एकेक मडगार्ड लावून दुकानामागच्या डबक्यातून सायकल हाणायची, परत यायचं, रुमाल उन्हात धरून डाग शोधायचे! हे नको, कोपऱ्यात ठिपका आला. हे नको, टायरला घासतं, चिखल अडकून चाकच बसेल. रस्त्यावर ही गर्दी जमली! शेवटी एक रुंद, लांब, काळंकुट्ट मडगार्ड लागलं. रुमाल कोरा! रंगनाथ असा हरखला, की दुकानदाराच्या पायाच पडला!

दुकानदार म्हणाला, "अहो, मागच्या चाकाला देऊ का एक?"

"छे! आरती काय पाठ बघून देतात?"

घरी बायको, मालन. तिनं सायकलभोवती एक चक्कर मारली. "अहो, आणि मागचं?"

"मागं काय मला डोळे आहेत?"

"मला आहेत की! यंदा ज्योत महिला मंडळाकडं आहे. तुमच्या मागं मीच असणार."

ऐकलं का त्यानं? मंडळी, इस्त्री तापलेली असताना नवरा ऐकतो का कधी? ... बघा, बायकांचीच बाजू बोलली, "नाही" म्हणून!

उजाडला दिवस. परतीच्या पावसानं डोंगराची तांबडी माती लोण्यासारखी झालेली. वर आरती झाली, मशाल पेटली. मालनच्या साध्या लेडीज सायकलच्या हँडलला ती घट्ट बांधली. त्या सायकलला दोन्ही मडगार्डं, बरं का! आणि निघाले! पुढं रंगनाथ — घंटा घणघण, सायकल भन्नाट! चिखल उडतोय, मडगार्डावर आपटतोय, खाली पडतोय. तोंड कोरं! सदरा कोरा! रंगनाथ आनंदानं ओरडतोय, "वाघजाईच्या नावानं—"

मागून आवाज, "अहो—! थांबा—!"

"चांगभलं!"

"अहो, ज्योत—!"

"चांगभलं! चांगभलं!"

आला की वेशीतून थेट देवळापुढं! ढोल थांबले. पांढराफेक! लोक बघतच राहिले. आई म्हणाली, "माझा लेक गं बाई!" रंगनाथानं आरतीसाठी हात पुढं केले...

आणि देवळाचे पुजारी, दगडूआप्पा गुरव म्हणाले, "रंगा, ज्योत कुठाय?"

रंगनाथ वळला. मागं एक मातीचा पुतळा सायकलवरून उतरत होता. दात तेवढे पांढरे. मशालीत विस्तव नाही, चिखलाचा गोळा! पुतळा बोलला, "मागचं घ्या म्हटलं होतं!"

कोणी हसेना. देवळात अंधार, गाव उपाशी, घट थांबलेले. रंगनाथाचं तोंड एवढंसं झालं. आरती गेल्याचं नव्हे हो — बायकोच्या पापण्यांवरचा चिखल त्यानं पाहिला. तो चिखल त्याच्याच चाकाचा होता! लाज वाटली त्याला, फार लाज वाटली.

"आप्पा, पुन्हा जातो," एवढंच तो म्हणाला. मालन तोंड धुऊन, लुगडं बदलून येईपर्यंत त्यानं स्वतःच्या हातानं पुढचं मडगार्ड सोडलं आणि नाड्यानं सीटच्या मागं आवळून बांधलं.

बबन म्हणाला, "दादा, वेडा झालास? तोंड भरंल! आरती जाईल!"

"जाऊ दे. दिवा लागू दे."

गेले, आणि आले! या खेपेला मशाल अशी ढणढणत होती! मालनच्या लुगड्यावर ठिपका नाही. आणि पुढं रंगनाथ — नाक कुठं, मिशी कुठं, पत्ता नाही! आप्पांनी दोघांकडं पाहिलं आणि आरतीचं ताट मालनच्या हातात दिलं. दिवा लागला. गाव हसलं, रंगनाथही हसला, तेव्हा कुठं त्याचं तोंड नेमकं कुठं आहे ते कळलं!

मंडळी, हसलात, बरं झालं. आता माझ्याकडं बघा. पुढचं मडगार्ड सगळ्यांकडं आहे. माझं नाव, माझा मान, माझा सदरा! आपल्या चाकाचा चिखल आपल्याला कधीच दिसत नाही, तो मागच्याला दिसतो. घरात मागं कोण आहे? म्हातारी आई आहे, बायको आहे, सून आहे. ज्योत त्यांच्याच हातात आहे, बाबांनो! ती "अहो, थांबा" म्हणते, आणि आपण? आपण मोठ्यानं चांगभलं म्हणतो!

आता आरती होईल, मग शिऱ्याची रांग लागेल. पहिल्या ओळीतले, तुम्हीच आधी धावणार, ठाऊक आहे मला! धावा. पण द्रोण भरताना एकदा मान वळवा आणि मागं कोण उभं आहे ते बघा. चला, उठा!