समोरचा नळ

नाय हो दादा, आमच्याकडं तसला नळ नाय. हात असे पुढं करा, मी तांब्यानं घालते पानी — हां, चोळा नीट, रस्सा तेलकट हाय. तसला नळ समोर, त्या सरिताच्या ढाब्यावर. हात खाली धरला की पानी आपोआप सुरू, काढला की बंद. पाटीच लावलीय बयेनं — हात न लावता हात धुवा! शहापूरहून आनलाय म्हने. मग काय, टोकावड्याला थांबनाऱ्या सगळ्या गाड्या तिकडंच वळतात. वळू देत. मला काय त्याचं? मी नाय जळत कुनावर.

बसा ना, चहा टाकते, एसटीला टाइम हाय. आमचे हे — वीस वरसं झाली लग्नाला — जेवायच्या आधी माझ्याकडनंच पानी घ्यायचे हातावर. बोलायचे काय नाय, नुसते हात पुढं करायचे. तेवढ्यानं माझा दिवस चांगला जायचा. आन आता? दुपार झाली की, 'जरा हात धुवून येतो.' रस्ता वलांडून! हात धुवायला अर्धा तास लागतो का हो? एवढा कसला मळ — भांडं घासत नायत का चूल सारवत नायत! मी इथं ताट वाढून बसलेली, आन हे येनार हाताला गुलाबाचा वास घेऊन. तिचा साबनबी तसलाच, आपोआप गळतो मेला. एकटी बाई, नवरा नाय, आन नटनं बगा तिचं!

बरं, नळाचं म्हनाल तर तो परवापासनं बंद पडलाय. खाली काळी डबी असते, झाकन सरकवलं की चार सेल — आता मला कसं ठावं? बोललं कुनीतरी. काय? रेडिओ? हो, झकास वाजतो, परवाच सेल टाकले. तुमी चहा प्या.

मी म्हटलं, नळ बंद, आता तरी घरात हात धुतील. पन आजबी गेलेतच की! पानीच नाय तिथं, मग करतात काय एवढा वेळ? थांबा, बगते दारातनं. हां, ते काय, मोरीपाशी उभे हायत. हात पुढं केलेत...

तांब्या हाय तिच्या हातात. ती घालतेय पानी. बोलत काय नायत, नुसते हात —

उठा दादा. एसटी आली तुमची. नाय दिसत? येईल. बाहेर जाऊन उभे रहा.